उरलेलं लाकूड

नाशिकहून परत आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिलं विचारलं ते, द्राक्षं आणलीत का. दसरा-दिवाळीच्या मधे नाशिकला द्राक्षं नसतात, नुसत्या काड्या असतात, हे मलाही तिथे जाऊनच कळलं. बागांची छाटणी चाललेली असते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काड्यांचे ढीग लागलेले असतात. मी आणलं काय, तर चिवड्याची पाकिटं. आणि आणखी एक वस्तू, जी आपल्यासोबत येते आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. तिचं शेवटी सांगते.

मी चिपळूणची. बँकेत आयुष्य गेलं, आता घर, पोफळी आणि मी. नाशिकला गेले ती ताईच्या वर्षश्राद्धाला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन नाशिकला गेली ती तिथलीच झाली, आणि गेल्या वर्षी परतीच्या पावसात तिथेच गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिची एकुलती एक मुलगी केतकी, तेव्हा श्राद्धही तिनेच करायचं होतं. "मावशी, तू चार दिवस आधी ये," ती फोनवर म्हणाली, "माझ्या कारखान्यावर पुण्याहून माणसं येणार आहेत. तू असलीस की मला धीर राहील." मला बघून कुणाला धीर आल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणून गेले.

सातपूर

स्टॅंडवरून केतकी मला घरी न नेता थेट सातपूरला घेऊन गेली. औद्योगिक वसाहतीत एका बाजूला लेथ मशीनची खडखड, दुसऱ्या बाजूला पॅकिंगच्या खोक्यांचं दुकान, मधे हिची पत्र्याची शेड. पहिली पाळी सुटत होती आणि मोटरसायकलींचा लोंढा फाटकाबाहेर वाहत होता. माझ्या हातात छत्री. कोकणातल्या माणसाला ऑक्टोबरात छत्रीवाचून बाहेर पडणं जमत नाही. फाटकावरचा वॉचमन कोरड्या ठणठणीत आभाळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

केतकी काय करते हे ताईने मला अनेकदा समजावायचा प्रयत्न केला होता आणि आम्ही दोघी दर वेळी निम्म्यातच चहाकडे वळायचो. आता डोळ्यांनी पाहिलं. लाकडाचा भुगा करायचा, तो वाफेच्या दाबाखाली शिजवायचा, मग त्यात पाचक रस घालायचे. आपल्या पोटात असतात तसे, पण लाकूड पचवणारे. लाकूड विरघळतं आणि त्याची साखर होते. दिसायला थेट काकवी. ती साखर पाण्यात घालून त्यावर शेवाळ वाढवायचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, एकेका पेशीचं शेवाळ. ते खातं, फुगतं, वाढतं. मग ते वाळवून पूड करायची. तिच्यात प्रथिनं असतात आणि माशाच्या तेलात असतं तसलं काहीतरी असतं. पुण्याची माणसं लहान मुलांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीची होती. त्यांना पूड पसंत पडली तर कारखाना चालणार, नाहीतर महिनाअखेरीला शेड परत द्यायची, असा सरळ हिशेब होता.

"शेवाळाला ऊन लागतं ना?" मी विचारलं. आमच्याकडे विहिरीच्या काठावर जिथे ऊन येतं तिथेच ते हिरवं होतं.

"याला नाही लागत. साखर मिळाली की हे अंधारात वाढतं," केतकी म्हणाली आणि तिने आतलं दार उघडलं.

आत दिवा नव्हता. दाराशी आमच्याबरोबर सुनंदा होती. ती मूळची सटाण्याकडची, कारखान्याची साफसफाई आणि टाक्यांची देखरेख करणारी. पाऊल आत टाकण्यापूर्वी ती हळूच म्हणाली, "आले गं." मला वाटलं आत कुणी बाई आहे. आत पाच टाक्या होत्या, माणसाहून उंच, स्टीलच्या. त्यातल्या चार गप्प होत्या. पाचवीच्या आत काहीतरी सावकाश फिरत होतं आणि मधूनमधून बुडबुडा फुटल्याचा आवाज येत होता, झोपलेल्या माणसाने ओठ हलवावे तसा. केतकीने टाकीच्या काचेच्या झरोक्यावर बॅटरी धरली. आत हिरवं काही नव्हतं. फिकट पिवळं, साईसारखं दाट काहीतरी काचेला घासून जात होतं.

"अंधारात हिरवेपणा सोडून देतं ते," केतकी म्हणाली. "कशाला सांभाळायचा? गरजच नाही."

मी टाकीला हात लावला. स्टील गार लागेल म्हणून हात आखडूनच ठेवला होता. पण ते गारही नव्हतं, गरमही नव्हतं. माझ्या हाताइतकंच होतं, त्यामुळे माझा हात कुठे संपतो ते क्षणभर कळेना. मी तो पटकन काढून घेतला आणि पदराला पुसला.

"बाकीच्या चार?"

"मेल्या." आधी केतकी द्राक्षाच्या काड्या वापरायची, फुकट मिळतात म्हणून. पण काडीवर वर्षभर मोरचुदाची फवारणी झालेली असते आणि मोरचूद म्हणजे शेवाळाचं विष. कितीही धुतली तरी थोडं राहतंच. टाकीमागून टाकी मेली. मग एकदा वखारीतून आंब्याचं सुकं लाकूड मिळालं आणि ही पाचवी जगली. तेव्हापासून हिला तेच लाकूड.

"आई गेली ना मावशी, त्याच आठवड्यात ही पहिल्यांदा जगली."

"योगायोग," मी म्हटलं.

"हो, योगायोगच," ती म्हणाली, पण बॅटरी तिने काचेवरून हलवली नाही. आणि सुनंदा अंधारातून म्हणाली, "जित्ती शे ती. तिला कळतं कोन आलं."

निघताना केतकीने वाळवलेल्या पुडीची एक छोटी स्टीलची डबी माझ्या पिशवीत टाकली. गुडघ्यांना बरं असतं म्हणाली. लाकडाचं काही मी खाणार नाही हे मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिने ते ऐकलंच नाही. तीही ताईचीच सवय.

गंगापूर रोड

ताईचं घर गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. आता तिथे केतकी एकटी राहते. सकाळी तिने मला मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ म्हणजे काळा रस्सा, पापड, दही आणि वर माणसाची परीक्षा. पहिल्या घासाला कान बंद झाले. शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब लहान मुलासकट तोच रस्सा वाटीवाटीने प्यायला मागत होतं. आम्ही मासे खाणारी माणसं स्वतःला तिखट समजतो, पण इथे आमची डाळ शिजायची नाही. मी दह्याच्या आधाराने ताट संपवलं. संपवणं भाग होतं.

त्याचं कारणही ताईच. आमच्या घरात उरलेलं टाकायचं नाही हा तिचा कायदा होता. सगळ्यांची जेवणं झाली की ती पातेलं तिरकं करून तळ बघायची आणि म्हणायची, "एवढंसं उरलंय, कुणाच्या वाट्याला लावू? तूच संपव." धाकटी म्हणून तळाचं सगळं माझ्या पानात. भात, आमटी, खरवस, कारल्याची भाजीसुद्धा. माझ्या अंगावर जे काही आहे ते ताईच्या पातेल्यांचं आहे.

तिच्या स्वयंपाकघरात ती पातेली अजून तशीच उतरंडीने लावलेली होती. केतकी घरी काही शिजवत नव्हती हे त्यांच्यावरच्या धुळीवरून दिसत होतं. मी विचारलं नाही. संध्याकाळी एक पातेलं घासून मी भात लावला. दोघी जेवलो. मूठभर भात उरला आणि आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत बसलो. मग तो मीच संपवला.

टेम्पोतून नदीकडे

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं गुरुजींशी ठरवायला मला पंचवटीत जायचं होतं. केतकी पुण्याच्या पाहुण्यांच्या तयारीत, म्हणून मी सातपूरहून एकटीच निघाले. रिक्षावाला म्हणाला मीटर बंद आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो कधीच चालू नसावा. तेवढ्यात फाटकात लाकडाचा टेम्पो रिकामा होत होता. पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ खांडकं स्वतः मोजून उतरवत होते. केतकीची मावशी म्हटल्यावर ते म्हणाले, "बसा मावशी, मी तिकडंच चाललोय. वखार नदीपल्याडच हाय माझी."

त्यांचं नाव दगडूभाऊ. वाटेत त्यांनी मला धरणाचं पाणी, कांद्याचा भाव आणि सुनेचा स्वभाव सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या भाचीचं लय बरं वाटतं मला. एकटी पोर. पन तिथं बनवत्यात काय, ते काय कळलं नाय आपल्याला."

"पूड बनवतात," मी म्हटलं. "लहान मुलांच्या खाण्यात घालायची."

टेम्पोचा वेग कमी झाला. मला वाटलं पुढे काही आलं. पुढे काही नव्हतं. दगडूभाऊंनी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसले.

"खायची?" ते म्हणाले.

"हो."

"लाकडाची?"

मी मान हलवली. मागून गाड्या हॉर्न देत निघून जात होत्या. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खालच्या आवाजात सांगितलं.

त्यांची वखार स्मशानाजवळची. सरणाचं लाकूड तेच देतात. "एकदा लाकूड त्या माणसाच्या नावानं तोललं ना मावशी, का मग ते त्याचंच. उरलं तरी परत घ्यायचं नाय. दुसऱ्याला इकायचं नाय, घरी न्यायचं नाय. चुलीत तर नायच नाय."

"का?" माहीत असून मी विचारलं.

"बोलावतं ते. त्याचं काम अर्धं ऱ्हायलेलं असतं ना. पुढच्याला बोलावतं."

मग ते उरलेलं काठावर तसंच पडून राहायचं, पावसात कुजायचं. गेल्या वर्षी केतकी आईच्या अस्थी गोळा करायला गेली आणि तिथल्या तिथे तिने दगडूभाऊंना विचारलं, आंब्याचं सुकं लाकूड मिळेल का, कारखान्याला हवंय. आईच्या तिसऱ्या दिवशी लाकडाची चौकशी करणारी मुलगी माझ्या बहिणीचीच. दगडूभाऊंना वाटलं, देवानेच वाट दाखवली. कारखाना म्हणजे घर नाही. तिथे चूल नाही. लाकूड वायाही जात नाही आणि कुणाच्या उंबऱ्याआतही जात नाही. "लाकडाचं खानार कोन, असंच वाटलं मला," ते म्हणाले. "भुस्सा करून फळ्या-बिळ्या बनवत असत्याल म्हनलं."

"म्हणजे वर्षभर ते सगळं..."

"सगळं उरलेलंच. चांगलं, सुकं, आंब्याचं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पयलं टाकलं ते तुमच्या बहिनीचंच. पाऊस हुता त्या दिवशी, म्हनून जास्तीचं उतरवलं हुतं. लय उरलं."

गुरुजींशी मी काय ठरवलं ते मला आता आठवत नाही. परत येताना प्रत्येक सिग्नलला मला ती पाचवी टाकी दिसत होती आणि काचेला घासून जाणारं ते पिवळं. भीती वाटत होती, ती लपवत नाही. बँकेत आयुष्य काढलेली बाई मी, लिंबू-मिरचीला हसणारी. पण टाकीला लावलेला तो हात मी टेम्पोतून उतरल्यापासून तीनदा धुतला होता.

पुन्हा सातपूर

संध्याकाळी केतकीला सगळं सांगितलं. लपवावं असा विचार आला होता, पाहुणे येऊन जाईपर्यंत तरी. पण तिच्या समोर उभी राहिले आणि जमलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आतल्या खोलीचं दार उघडलं, दिवा न लावता टाकीपाशी गेली आणि तिला टेकून उभी राहिली. मी मागोमाग गेले. उंबऱ्यात माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आले गं." म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

"आईचं किती उरलं होतं?" केतकीने विचारलं.

"लय, म्हणाले."

"म्हणजे सुरुवातीचं विरजण सगळं त्यावरच वाढलं." ती हलक्या आवाजात बोलत होती, टाकीला ऐकू जाऊ नये तशी. "विज्ञानाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही मावशी. साखर ती साखर. कुठल्याही यंत्रात घाल, काही सापडणार नाही."

"मग उद्या दे त्यांना."

हे मी का म्हटलं? तिचं वर्ष वाचावं म्हणून म्हटलं. शेड जाऊ नये म्हणून म्हटलं. टाकीत एक बुडबुडा फुटला.

"ज्या आईने ही पूड पोराच्या पेजेत घालायची," ती म्हणाली, "तिने मला विचारलं, हे कशाचं आहे, तर मी काय सांगू?"

पाहुणे दुसऱ्या दिवशी आले. एक बाई, एक तरुण. दोघं हुशार, हसतमुख. सुनंदाने पुडीची वाटी आणि चमचे मांडले होते. तरुणाने चमचा भरला तेवढ्यात केतकी म्हणाली, थांबा, आधी ऐका. आणि तिने वखार, स्मशान, उरलेलं लाकूड, सगळं ओळीने सांगितलं. तरुण म्हणाला, आमचा अशा गोष्टींवर मुळीच विश्वास नाही हो. एवढं म्हणून त्याने चमचा वाटीत परत ठेवला, इतका हळू की आवाजसुद्धा झाला नाही. बाई मात्र केतकीकडे वेगळ्या नजरेने बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "दुसऱ्या लाकडावर करून दाखवा. मग मी स्वतः खाऊन बघेन." शेडच्या मालकाशीही त्या बोलल्या आणि केतकीला दिवाळीनंतरपर्यंत मुदत मिळाली.

त्याच दुपारी केतकीने टाकी तापवून आतलं सगळं मारलं. एका चंबूत थोडं विरजण तेवढं जिवंत ठेवलं. फिरणं थांबलं तेव्हा शेडमध्ये जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. लेथ बाहेर चालूच होत्या, पण त्या ऐकू येईनात. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मेलेलं ते सगळं शेडमागच्या खताच्या खड्ड्यात गेलं. फक्त एक बाटली केतकीने भरून घेतली.

रामकुंड

श्राद्धाच्या दिवशी सकाळी आम्ही रामकुंडावर गेलो. इथल्या पाण्यात अस्थी विरघळतात असं म्हणतात. काठावर ओल्या कपड्यांतली माणसं, कोपऱ्यात मुंडन, पाण्यात उतरलेली पोरं, आणि सगळ्यांवर बसलेली कबुतरं. आमच्याकडे वाशिष्ठीवर एवढी गर्दी फक्त पूर बघायला होते. पिंडदान झालं. गुरुजी उठायला लागले तशी केतकीने पिशवीतून बाटली काढली.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"आईच्या नावाचं थोडं लाकूड राहिलं होतं."

त्यांनी बाटली उजेडात धरली. आत पिवळट, गढूळ पाणी. लाकडाचा मागमूस नाही. त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. रोज शेकडो लोकांचं उरलेलं बघणारा माणूस. काय समजले देव जाणे, पण बाटली परत देत म्हणाले, "सोडा."

केतकीने ती ओतली. पिवळा ढग पायरीपाशी एकदा फिरला, टाकीत फिरायचा तसा सावकाश, आणि नाहीसा झाला. मग केतकी रडली. वर्षभरात पहिल्यांदा, असं तीच म्हणाली. मी तिला धरून ओल्या पायरीवर बसले आणि माझ्या छत्रीचा शेवटी उपयोग झाला, उन्हासाठी.

चिपळूण

घरी येऊन आठवडा झाल्यावर केतकीचा फोन आला. लाकूड कापण्याच्या गिरणीतून नवं आंब्याचं लाकूड आणलं होतं. कुणाच्याही नावाचं नसलेलं. त्यावर चंबूतलं विरजण लावलं. "जगलं मावशी. पण सावकाश वाढतंय." मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. दगडूभाऊही येऊन गेले म्हणे, खांडकाला हात न लावता. नुसते दाराशी उभे राहून टाकी बघून गेले.

फोन ठेवला आणि पिशवी झटकायला घेतली. चिवड्याच्या पाकिटांखालून ती स्टीलची डबी निघाली.

मी विसरूनच गेले होते. उंबऱ्याआत न्यायचं नाही ते लाकूड मी स्वतःच्या हाताने घाट उतरवून घरात आणलं होतं. घरात मी एकटी. ताईनंतरची मीच. डबी ओसरीवर ठेवली. टाकायचं मन होईना, आत न्यायचं धैर्य होईना. दोन दिवस ती तुळशीशेजारी पडून होती आणि मी येताजाता वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी माझाच मला राग आला. नाशिकला एवढं झालं, गोदावरीत बाटली गेली, टाकी मेली, आणि ताईचं शेवटचं एवढंसं उरलेलं कुणाच्या वाट्याला लागायचं, तर मी त्याला घाबरून तुळशीला वळसा घालतेय.

दुपारी कुळथाची आमटी केली आणि पातेल्यात सगळी डबी उपडी केली. चव कसलीच लागली नाही. पातेलं तिरकं करून तळ पाहिला, राहिलेलं पळीने निपटून पानात घेतलं आणि संपवलं. घर अगदी शांत होतं. बोलावणार असशील तर बोलाव म्हटलं ताईला, पण एवढी भांडी घासून होईतो थांब.